लेकरं कोणाले विचारतीन?

शेंडगावच्या झिंगराजी जाणोरकरांना दारूनं खाल्लं. मागं राहिल्या सखुबाई आणि लहानगा डेबूजी. माय लेकराला घेऊन माहेरी आली, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला. पुढं डेबूजीला पहिली लेक झाली. बारशाला मटण आणि दारूची पंगत घालायची, अशी तेव्हाची रीत होती. भाऊबंद तयारीनं आले आणि डेबूजीनं त्यांना गोडाचं जेवण वाढलं. हा डेबूजी म्हणजे आपले गाडगेबाबा. पुढची कितीतरी वर्षं ते कीर्तनात दारूवर तुटून पडले, त्यामागं बापाची तिरडी होती.

तिकडं मोझरीत तुकडोजी महाराजांनी गुरुकुंज उभारलं. खंजिरीवरची त्यांची भजनं आणि संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना मोर्शी तालुक्यातल्या गावागावांत पोचली. दारू, जुगार, हुंडा हे चारचौघांत बोलायचे विषय आहेत, हे वऱ्हाडाला कोणा बाहेरच्या तज्ज्ञानं शिकवावं लागलं नाही.

मग त्याच पारावर, त्याच देवळापुढं पंधरा वर्षांच्या पोराच्या अंगात काय बदलतं, तेरा वर्षांच्या पोरीला पाळी का येते, याबद्दल आपली दातखीळ का बसते? यंदाच्या अंकाचा विषय ठरवताना हा प्रश्न आमच्यासमोर होता. विषय कळल्यावर एका ज्येष्ठ हितचिंतकांचा निरोप आला, "दिवाळीच्या अंकात काहाले या गोठी? पोट्टे बिघडून जातीन." त्यांची काळजी खरी आहे, म्हणून तिला उत्तर द्यायला हवं. पोट्टे आज काय करताहेत, तिथून सुरुवात करू.

बसस्टँडच्या आसपास कुठल्याही पानठेल्यावर दहा मिनिटं उभे राहा. ठेलेवाला प्लॅस्टिकच्या पन्नीवर कातरलेली सुपारी टाकतो, वरून तंबाखू आणि चुना. पन्नीची घडी घालतो आणि तळव्याखाली दाबून घोटत राहतो, सुपारी ओलसर होऊन रंग धरेपर्यंत. हा आपला खर्रा. घेणारा बरेचदा मिसरूड न फुटलेला असतो. सांगतो, "काकाले पाहिजे." काकाला नको असतो, हे ठेलेवाल्यालाही ठाऊक असतं. अल्पवयीन मुलाला तंबाखू किंवा दारू देणाऱ्याला २०१५ च्या बालन्याय कायद्यात सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे, हे मात्र त्याला कोणी सांगितलेलं नसतं. २०१२ पासून राज्यात गुटख्यावर बंदी आहे. समोर घोटून मिळणाऱ्या खर्ऱ्याला ना पाकीट, ना छाप, ना इशारा.

"तंबाखू नाही खात, निस्ती सुपारी खातो," असं पोरं छातीठोक सांगतात. तंबाखू नसली तरी सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ च्या अहवालात दिलेला आहे. सुपारीनं गालाची आतली कातडी आखडत जाते. तिखट सोसत नाही. मग तोंड उघडणं कमी होतं. एकावर एक उभी धरलेली तीन बोटं तोंडात जायला हवीत. दोनच गेली तर दवाखाना गाठायचा. ही तपासणी आईला स्वयंपाकघरातही करता येते. संत्र्याच्या बुंध्यावर डिंक्या दिसला की आपण साल खरवडून बोर्डो मलम लावतो, उद्यावर ढकलत नाही. घरातलं पोरगं भाजी तिखट झाली म्हणून ताट सारतं, तेव्हा त्याच्या तोंडात बघायचं मात्र कोणाला सुचत नाही.

खर्ऱ्यानंतर बाटली येते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची कर, मित्राचा वाढदिवस, आंबिया बहाराच्या संत्र्याची तोड होऊन हातात आलेला पैसा, वावरातली पार्टी. पहिला घोट बहुतेकांना मोठा भाऊ किंवा गावातला दादा पाजतो. आणि त्या पार्टीत शरीराचा विषय निघतो! मुलाला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी स्त्री-पुरुष संबंधाबद्दल सांगत असतं, तेही चढलेलं असताना, मोबाइलवर घाणेरडी चित्रफीत दाखवत. आमचं म्हणणं इथंच आहे. दारू आणि शरीराचं अज्ञान हे दोन विषय सरकारच्या फायलीत वेगळे असतील, पोरगं दोन्ही एकाच रात्री, एकाच गुरूकडून शिकतं. दारू पिऊन मर्दानगी वाढते आणि पोरीची नाही म्हणजे हो असते, हे दोन्ही धडे त्या शाळेत एकत्र मिळतात. त्यांना उत्तरही एकत्रच द्यावं लागेल.

पोरांना शंका असतात, फार असतात. प्रश्नपेटी ठेवून, नाव न लिहिता चिठ्ठ्या टाकायला सांगितलं की त्या बाहेर येतात. रात्री झोपेत वीर्य जातं, त्यानं शरीर खंगतं का? पाळीच्या दिवसांत मी लोणच्याला हात लावला तर खरंच नासतं का? अंगावरून पांढरं जातं, हे आईला कसं सांगू? खर्रा खाल्ल्यानं ताकद येते का? मामाच्या घरी कोणी अंगाला हात लावतो, कोणाला सांगू? पहिल्या चिठ्ठीचं उत्तर दोन वाक्यांचं आहे: हे वयात येण्याचं नैसर्गिक लक्षण आहे, यानं अशक्तपणा येत नाही. हे उत्तर न मिळाल्यानं किती मुलं 'धात जाते' म्हणून झुरतात आणि भिंतीवरच्या गुप्तरोगाच्या जाहिरातीतला नंबर फिरवतात! असल्या ताकदीच्या औषधांची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं मनाई आहे. रंगवलेल्या भिंती तरीही रस्त्यारस्त्यावर दिसतात.

शेवटची चिठ्ठी वाचणाऱ्याचा हात थांबतो. तिला भाषणातून उत्तर देता येत नाही. त्या लेकराला शोधावं लागतं, त्याच्या नावाची वाच्यता न करता. २०१२ चा पॉक्सो कायदा सांगतो की अशी घटना कळली तर ती पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, मग तो शिक्षक असो की आजी. चाइल्डलाइनचा १०९८ हा नंबर प्रत्येक मुलीला आपल्या घरच्या नंबरासारखा पाठ हवा. आणि अंगावरचा कोणता स्पर्श चुकीचा, हे सांगायला तिच्याजवळ शब्द हवेत. आपण अवयवांची नावंच मुलांना शिकवत नाही. मग ती तक्रार कोणत्या शब्दांत करणार?

आता हितचिंतकांच्या काळजीकडं वळतो. माहिती दिल्यानं पोरं बिघडतात ही भीती जुनी आहे. २००५ च्या सुमारास देशभर किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम आला आणि २००७ साली महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी तो शाळांतून हद्दपार केला. ज्या पिढीला तेव्हा आपण हे शिकवलं नाही, तिच्या हातात पुढच्या दहा वर्षांत स्वस्त मोबाइल आणि त्याहून स्वस्त डेटा आला. शाळेनं जागा सोडली, ती कोणी घेतली हे आपण घराघरांत पाहतो आहोत. युनेस्कोनं जगभरच्या अभ्यासांचा धांडोळा घेऊन २००९ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये मार्गदर्शिका काढली. शास्त्रशुद्ध लैंगिक शिक्षणानं मुलं लवकर संबंधांकडे वळत नाहीत, उलट सावध होतात, हा तिचा निष्कर्ष आहे.

मराठी नियतकालिकांना तर हा विषय नवा नाहीच. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं आणि १९५३ साली मरण येईपर्यंत ते सोडलं नाही. वाचक पत्रांतून लाजेच्या गोष्टी विचारत आणि कर्वे त्यांना छापील उत्तर देत. त्या उत्तरांपायी १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. बचावाला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ते खटला हरले, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. संविधानाच्या शिल्पकारानं ज्या प्रश्नोत्तरांसाठी न्यायालयात उभं राहणं पत्करलं, ती प्रश्नोत्तरं छापायला आम्ही का लाजावं?

दारू आणि शरीर हे विषय एकत्र हाताळण्याचा विदर्भातला सगळ्यात जवळचा धडा गडचिरोलीत आहे. राणी आणि अभय बंग यांनी 'सर्च' संस्थेतर्फे दोन गावांतल्या बायकांची तपासणी केली. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये ते संशोधन छापून आलं: ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता आणि त्यांतल्या फार थोड्यांची आधी कधी तपासणी झाली होती. त्याच जिल्ह्यात गावांनी दारूविरोधात चळवळ उभारली आणि १९९३ साली जिल्ह्यात दारूबंदी झाली. पुढं राणीताईंनी तरुण मुलामुलींसाठी 'तारुण्यभान' शिबिरं सुरू केली. ज्या संस्थेनं बायकांचं दुखणं ऐकलं, तिच्यासमोर दारूही आली आणि तारुण्यही आलं. एका धाग्याला हात घातला की दुसरा निघतोच.

सरकारनंही हे ओळखलेलं आहे. जानेवारी २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलांसाठी सहा विषय आहेत. लैंगिक आरोग्य, हिंसा, मानसिक आरोग्य आणि व्यसनं त्यांत शेजारी शेजारी बसतात. गावातलीच मुलंमुली निवडून त्यांना प्रशिक्षण द्यायचं, त्यांनी बरोबरीच्यांशी बोलायचं, आशाताईंनी पाठीशी उभं राहायचं, अशी रचना आहे. सरकारी दवाखान्यांत 'मैत्री' क्लिनिक आहेत. आराखडा उत्तम आहे. पण 'मैत्री'ची पाटी जर बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत असेल आणि रांगेत ओळखीची काकू उभी असेल, तर कोणती पोरगी त्या दारातून आत जाईल? वेळ वेगळी हवी, दार वेगळं हवं, केसपेपरावर नजर टाकणारं कोणी नको. एवढं करायला मोठा निधी लागत नाही. त्यासाठी गावानं विचारत राहावं लागतं.

आणि शिकवायचं कसं? वर्षातून एकदा पाहुणे डॉक्टर येतात, सडलेल्या फुप्फुसाची चित्रं दाखवतात, मुलं घाबरतात, चार वाजता त्याच ठेल्यावर जातात. भीतीचा असर चार वाजेपर्यंत टिकतो. गाडगेबाबांची रीत वेगळी होती. ते कीर्तनात वऱ्हाडीतून समोरच्यांना सवाल टाकत आणि लोकांच्या तोंडून उत्तर काढून घेत. कर्ज काढून सण करावा काय, दारू प्यावी काय, असं विचारत विचारत माणूस आपल्याच जबाबानं बांधला जाई. पोरांसोबत बसायचं तर असंच बसावं लागेल. मित्र म्हणाला, "एक घोट घे, मर्द हायेस का नाही?" तर काय म्हणशील? म्हणून दाखव. पोरांना एकमेकांसमोर नाही म्हणायचा सराव करू द्या. पोरींना पोरांसमोर, पोरांना पोरींसमोर बोलू द्या. भाषा त्यांचीच असू द्या. पुस्तकी शब्द ऐकून मुलं खाली बघतात.

त्याचबरोबर संध्याकाळ भरायला काहीतरी हवं. आइसलँडमध्ये १९९८ साली पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के महिन्याभरात कधीतरी दारू पिऊन झिंगलेली असत; २०१६ पर्यंत ते प्रमाण ५ टक्क्यांवर आलं. त्यांनी पालकांना एकत्र बांधलं, मुलांच्या रात्री बाहेर राहायच्या वेळा ठरवल्या आणि खेळ-संगीतावर सरकारी पैसा ओतला. अमरावतीला हे वाचून हसू यावं. १९१४ साली वैद्य बंधूंनी इथं हनुमान आखाडा उभा केला. त्याच हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या खेळाडूंनी १९३६ साली बर्लिनला जाऊन कबड्डी दाखवली. आज कितीतरी गावांत मैदानावर ट्रॅक्टर उभे असतात आणि व्यायामशाळेच्या कुलपाची किल्ली सापडत नाही. मैदान मोकळं करणं हे व्यसनमुक्तीचंच काम आहे. लग्न जुळत नाही, संत्र्याला भाव नाही, नोकरी नाही, अशा पंचविशीतल्या पोराला नुसतं 'पिऊ नको' सांगणं अर्धवट आहे. त्याला संध्याकाळी सात वाजता जायला जागा लागते.

ज्याला सुटायचं आहे त्यालाही वाट हवी. पुण्यात १९८६ साली अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं. व्यसन हा आजार आहे, त्यावर उपचार आहे, ही गोष्ट मराठी घरांना तिथून कळली. देशभरासाठी १४४४६ ही व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे. नवरा मारतो म्हणून रडणाऱ्या बाईला आणि पोरगं हाताबाहेर गेलं म्हणणाऱ्या बापालाही ती आहे. आणि ज्या गावातल्या बायका दारूच्या परवान्याच्या दुकानाला कंटाळल्या असतील, त्यांच्या हाती ते बंद करायला 'आडवी बाटली'चं मतदान आहे.

या अंकात चिठ्ठ्यांत येतात तसल्या प्रश्नांना डॉक्टरांनी दिलेली उत्तरं आहेत. उत्तर शास्त्रशुद्ध आणि साध्या बोलीत असावं, एवढीच आमची अट होती. अंक घरात फराळाच्या ताटाजवळ पडू द्या. कपाटावर लपवू नका. लपवलेला अंक मुलं वाचतीलच, पण मग शंका विचारायला तुमच्याकडं येणार नाहीत.

एक विनंती सरपंचांना आणि ग्रामपंचायत सदस्यांना. २६ जानेवारीच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर तीन ओळी घ्या. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकणारे ठेले कोणते, ते नावानिशी वाचून दाखवा. कायद्यानं ते तिथं चालवता येत नाहीत. किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात गावातून कोणती मुलंमुली निवडली, त्यांचं प्रशिक्षण झालं का, ते आशाताईंना सर्वांसमोर विचारा. आणि महिन्यातून एक संध्याकाळ समाजमंदिराची किल्ली मुलांच्या बैठकीसाठी कोणाकडं राहील, ते ठरवून इतिवृत्तात लिहा. पहिल्या बैठकीला डॉक्टर हवे असतील तर अंकातल्या पत्त्यावर कळवा, आम्ही त्यांना घेऊन येऊ.