गाभण गप्पीची निगा

डासांच्या अळ्या फस्त करणारी गप्पी मासळी गावच्या हौदांत सोडावयाची, तर तिची पैदास घरच्या काचपेटीतच करणे सोयीचे होय. ही मादी अंडी न घालता जिवंत पिले प्रसवते. गर्भकाळ सुमारे ४ आठवड्यांचा असतो. गुदद्वाराजवळचा काळसर डाग गडद होऊन पोट चौकोनी दिसू लागले, म्हणजे वीण जवळ आली असे समजावे. नुसते पोट सुटले असल्यास तो जादा खाद्याचाही परिणाम असू शकतो!

अशा मादीस धरून अरुंद पिंजऱ्यात कोंडण्याची रीत मात्र इष्ट नव्हे. धसक्याने ती अकाली विते व पिले दगावतात. आई पिले खाते हे खरे. परंतु हायड्रिलासारखी पाणवनस्पती पेटीत दाट वाढू दिल्यास पुष्कळ पिले लपून वाचतात. मादीस खाद्य थोडे, पण वेळेवर द्यावे. नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवून मगच घालावे.

एकदा नराचा संग झालेली मादी पुढे नराविनाही अनेक वेळा विते. म्हणूनच ही परदेशी मासळी ओढ्या-नद्यांत सोडू नये. एकटी गाभण मादीही तेथे वंश वाढवून देशी माशांच्या अन्नात वाटेकरी होते.