कुत्रा स्वतःची शी खातो, म्हणून त्याला घराबाहेर काढायचं?



आजचा विषय वाचून काही जणी नाक मुरडतील. मुरडा, पण वाचणं सोडू नका. ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांच्यापैकी बऱ्याच जणींपुढं हा प्रश्न कधी ना कधी आलेला असतो, आणि लाजेपोटी कुणी तो बोलून दाखवत नाही. कुत्रा शी करतो, मागं वळून हुंगतो आणि तीच खाऊन टाकतो. मग तेच तोंड मुलांच्या गालाला लावायला येतो. ज्या घरात पाणी गाळल्याशिवाय हंड्यात जात नाही, अभिषेकाला जायचे कपडे वेगळ्या दोरीवर वाळतात, त्याच घराच्या अंगणात हे!

अशा वेळी घरात दोनच आवाज ऐकू येतात. एक म्हणतो, चांगला चोप द्या. दुसरा म्हणतो, कुठंतरी नेऊन सोडून या. आपल्या परंड्यात एसटी स्टँडच्या आसपास किंवा किल्ल्याच्या खंदकाकडेला गळ्यात जुना पट्टा असलेला एखादा कुत्रा दिसला की मला वाटतं, यालाही कुणीतरी हौसेनं नाव ठेवलं असेल. माझं मत सुरुवातीलाच सांगते. ही सवय पुष्कळ अंशी आवरता येते आणि त्यासाठी कुत्र्याला मारायची किंवा सोडून द्यायची गरज नसते. जैन घराला तर त्या दोन्ही गोष्टींची मुभाच नाही.

आधी तो असं का करतो ते पाहू. कुत्री व्याली की पहिले काही आठवडे ती पिल्लांना चाटून चाटून त्यांच्याकडून शी-शू करवून घेते आणि ती स्वतःच खाऊन टाकते. पिल्लांची जागा स्वच्छ राहावी, वासानं शत्रू जवळ येऊ नये, यासाठी निसर्गानं तिला तसं घडवलंय. तिला आपण घाणेरडी म्हणत नाही, आई म्हणतो. ससा स्वतःची मऊ लेंडी पुन्हा खातो, कारण त्याला लागणारं पोषण त्यातून मिळतं. घोड्याचं शिंगरू आईची लीद खातं. म्हणजे ज्याला आपण किळस म्हणतो ती आपली आहे, प्राण्याची नाही.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी कुत्रे पाळणाऱ्या हजारो लोकांना विचारून या सवयीचा अभ्यास केला. तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. साधारण १६ टक्के कुत्रे वारंवार विष्ठा खाताना मालकांना दिसले होते. हे कुत्रे बहुतेक वेळा ताजी, दोन दिवसांच्या आतलीच विष्ठा खातात, असंही दिसलं. अभ्यासकांचा तर्क असा की लांडग्यांच्या काळापासून आलेली ही घर स्वच्छ ठेवण्याची रीत असावी. विष्ठेतल्या जंतांची अंडी रोग पसरवण्याइतकी तयार व्हायला काही दिवस लागतात, त्याआधीच ती जागेवरून नाहीशी करायची. ज्या घरात एकापेक्षा जास्त कुत्रे असतात तिथं ही सवय जास्त आढळली आणि जे कुत्रे अन्नावर हावऱ्यासारखे तुटून पडतात त्यांच्यातही जास्त.

आता यातली सर्वांत कामाची गोष्ट. ही सवय मोडण्यासाठी अन्नात मिसळायच्या गोळ्या आणि भुकट्या बाजारात मिळतात. त्या अभ्यासात अशा वस्तूंना आलेलं यश शून्य ते दोन टक्के एवढंच होतं. म्हणजे तो पैसा पाण्यात. तीच गत घरगुती उपायांची. कुणी अननस खाऊ घालायला सांगतं, कुणी विष्ठेवर तिखट टाकायला सांगतं. तिखटानं जनावराच्या तोंडाची आग होते, सवय मात्र तशीच राहते. आणि त्याचं नाक त्याच्याच घाणीत घासायचं, हा तर निव्वळ क्रूरपणा. मार खाल्लेला कुत्रा इतकंच शिकतो की शी दिसली की मालक चिडतो. मग तो ती आणखी घाईनं गिळून टाकतो किंवा आडोशाला जाऊन करतो. आपणच त्याला चोरी शिकवतो.

मात्र प्रत्येक वेळी ही नुसती सवय नसते. कुत्रा भरपूर खातो तरी वाळत चाललाय, शी खूप, फिकट आणि तेलकट होतेय, तर त्याला अन्न पचत नाही असं समजावं. स्वादुपिंडाचा आजार, मधुमेह, पोटातले जंत, स्टेरॉइडची औषधं, यांपैकी कशानंही भूक अनावर होऊ शकते. मोठा झालेला कुत्रा अचानक असं करू लागला तर विष्ठेचा ताजा नमुना डबीत घेऊन तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. डॉक्टरांना सांगायला लाजू नका. त्यांनी हे शेकडो वेळा ऐकलेलं असतं.

आणि आता जरा आपल्या स्वयंपाकघराकडं वळू. आपला भाग ज्वारीचा. कुत्र्याला काय घालायचं? उरलेली भाकरी, वर थोडं ताक. भटक्या कुत्र्याला घास घालणं वेगळं आणि जो जीव दारात बांधलाय, ज्याला दुसरीकडं तोंड घालायची सोय नाही, त्याला तेवढ्यावर ठेवणं वेगळं. कुत्रा मांजरासारखा केवळ मांसावर जगणारा प्राणी नाही. २०१३ च्या एका जनुकीय अभ्यासात दिसलं की पिष्टमय अन्न पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती कुत्र्यात लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त असतात. माणसाच्या भाकरीवर तो हजारो वर्षं जगलाय. म्हणून शाकाहारी घरात कुत्रा राहू शकतो, असं मी ठामपणे म्हणते. पण शाकाहारी म्हणजे नुसती भाकरी नव्हे. शिजवलेली डाळ, दही, पनीर, उकडलेलं सोयाबीन, भाजी असं सगळं त्याच्या वजनाप्रमाणं मिळालं पाहिजे, आणि काय कमी पडतंय ते डॉक्टरांना विचारून भरून काढलं पाहिजे. कांदा-लसूण कुत्र्याला विषासारखा, तो आपल्या घरात तसाही नसतो. पण मनुके आणि द्राक्षंही त्याला घातक असतात, हे लक्षात असू द्या. प्रसादाचा सुकामेवा प्रेमानं त्याच्या पुढ्यात टाकू नका.

एवढं करणं जमणार नसेल तर हौसेनं लॅब्राडोर आणूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. जात बघून, पैसे मोजून आणायचा, दिवसभर साखळीला बांधायचा आणि मग तो घाण करतो म्हणून बोल लावायचे, यात जीवदया कुठं आली? बांधलेल्या जनावराला दिवसभर करायला काही नसतं. त्याच्या आवाक्यात असते ती जमीन आणि तिच्यावरची त्याचीच घाण.

मग करायचं काय? उपाय साधाच आहे, फक्त कष्टाचा आहे. शी पडली की उचलायची. संध्याकाळी नव्हे, कामवाल्या मावशी आल्यावर नव्हे, तेव्हाच्या तेव्हा. जेवणाच्या वेळा ठरवून दिल्या की पोट साफ होण्याच्या वेळाही ठरतात, म्हणजे आपल्याला आधीच कळतं. त्या वेळी पट्टा लावून बाहेर न्या. त्याचं झालं की मागं वळायच्या आत नावानं हाक मारा आणि तो आला की लगेच पनीरचा कण किंवा भाकरीचा तुकडा तोंडात द्या. शी झाली की मालकाकडं पळायचं, तिथं खाऊ मिळतो, हे त्याच्या डोक्यात बसलं पाहिजे. ओरडू नका, मागं धावू नका, त्याला तो खेळ वाटतो. सकाळ-संध्याकाळ फिरवा, घरात चावायला काहीतरी द्या. हे काही आठवडे नेटानं करा. आणि एवढं करूनही एखाद्याची सवय पूर्ण सुटली नाही, तर उचलणं चालू ठेवा. जी शी जमिनीवर नाहीच, ती तो खाणार कुठून?

इथं एक प्रश्न येतो आणि तो खोटा नाही. जंताचं औषध देणं म्हणजे जीवहत्या नाही का? शास्त्रानं गृहस्थासाठी हिंसेचे चार प्रकार सांगितलेत, संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. मारायचंच म्हणून मारणं ही संकल्पी हिंसा, ती गृहस्थानं सर्वस्वी सोडायची. बाकीच्या तीन यत्नपूर्वक कमी करत जायच्या. अंगणात रांगणाऱ्या बाळाच्या पोटात कुत्र्याच्या जंतांची अंडी जाऊ नयेत, आजारी जनावर बरं व्हावं, या हेतूनं दिलेलं औषध मी संकल्पी हिंसेत धरत नाही. कुणाचं मत वेगळं असेल तर त्यांनी महाराजांना किंवा माताजींना जरूर विचारावं. पण एक सांगते. जंत पसरतात ते पडून राहिलेल्या विष्ठेतून. ती रोज उचलली तर औषध देण्याची वेळच कमी येते. इथं यत्नाचार आणि डॉक्टरांचा सल्ला एकच गोष्ट सांगतात. मुनींना तर मलविसर्जनासाठीही स्वतंत्र समिति पाळावी लागते, निर्जंतुक जागा पाहूनच. कुंथलगिरीला जाऊन आपण त्यांचं दर्शन घेतो, त्यांच्या या सावधपणातला एक कण तरी घरी आणावा.

आता किळसेबद्दल. जुगुप्सा हा नऊ नोकषायांपैकी एक, मोहनीय कर्माचा भाग. आपण क्रोध आवरायला शिकतो, पण किळस ही जणू शुद्धतेची खूण असल्यासारखी मिरवतो. सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत निर्विचिकित्सा हे तिसरं अंग. त्यासाठी उद्दायन राजाची कथा सांगतात. रोगी मुनीच्या वेषात आलेल्या देवानं जेवून अंगावर ओकारी केली, तरी राजानं किळस न करता त्याची सेवा केली. हे मुनींबद्दल आहे, कुत्र्याबद्दल नाही, असं कुणी म्हणेल. मग अमृतचंद्राचार्यांचा पुरुषार्थसिद्ध्युपाय पाहा. तिथं हे अंग सांगताना भूक, तहान, थंडी, उष्णता यांच्या जोडीनं विष्ठेसारख्या पदार्थांबद्दलही किळस धरू नये, असं सांगितलंय. याचा अर्थ स्वच्छता सोडा असा नाही. हात साबणानं धुवा, मुलांचं तोंड चाटू देऊ नका, कुत्र्याला चौकाबाहेर ठेवा, अभिषेकाआधी स्नान करा. किळस नसलेला माणूस घाण जास्त चांगली साफ करतो, इतकाच त्याचा अर्थ.

जीवंधरकुमाराची कथा तर आपण लहानपणापासून ऐकतो. यज्ञाच्या अन्नाला तोंड लावलं म्हणून लोकांनी एका कुत्र्याला मरेस्तोवर मारलं होतं. जीवंधरानं त्याच्या कानात णमोकार मंत्र म्हटला आणि तो कुत्रा मरून सुदर्शन नावाचा यक्षेंद्र झाला. मारणारेही शुद्धता जपणारेच होते, हे आपण कथा सांगताना विसरतो. ओवळं झालं म्हणून मारणाऱ्यांच्या बाजूला उभं राहायचं की मंत्र म्हणणाऱ्याच्या, हे घरातल्या मुलांना आपल्या वागण्यातून कळतं.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार दिलेत. बांधून ठेवणं, मारणं, अवयव छेदणं, जास्त ओझं लादणं आणि अन्नपाणी रोखणं. हे पाचही बव्हंशी मुक्या जनावरांच्या बाबतीतच घडतात. आणि १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं ११ वं कलम वाचलंत तर तिथंही जवळपास हेच दिसेल. मारहाण, अकारण साखळीला बांधून ठेवणं, उपाशी ठेवणं आणि पाळलेला प्राणी सोडून देणं, हे सगळे गुन्हे आहेत. कायदा पकडेल तेव्हा पकडेल. व्रताला मात्र पोलीस लागत नाही.

म्हणून मैत्रिणींनो, दारातला कुत्रा शी खातो म्हणून घरात कुणी काठी उचलली तर ती हातातून काढून घ्या आणि तिच्या जागी खुरपं आणि जुनं वर्तमानपत्र द्या. "सोडून या" म्हणणाऱ्या घरच्या पुरुषांना विचारा, सोडलेला कुत्रा रस्त्यावर काय खाणार आहे? आपल्या डोळ्यांआड गेलं म्हणजे पाप गेलं, असं कोणत्या ग्रंथात लिहिलंय? दशलक्षणात आपण उत्तम शौच धर्म म्हणतो, त्या शौचाचा खरा अर्थ लोभाचा त्याग. कुत्र्याला लोभ सुटत नाही, त्याची गती तशी आहे. आपल्याला मात्र सोडता येतो, आराम करायचा लोभसुद्धा. दिवसातून दोनदा वाकून ती घाण उचला. एवढंच काम आहे.

जय जिनेंद्र.