चहा, पोहे आणि एक लिटर पेट्रोल

सायकल टूर ठरली की आपण कशाकशाची चर्चा करतो? गिअर, टायर, पॅडेड शॉर्ट्स, पॉवर बँक. स्टोचं पेट्रोल मात्र शेवटच्या क्षणी कुठेतरी कोंबतो. मीही कोंबलं होतं.

मार्चचा शेवटचा आठवडा. एका मैत्रिणीबरोबर वाशिमहून मंगरूळपीरमार्गे कारंजा लाडला निघाले होते. आपला स्टो, आपला चहा, झाडाखाली मॅगी असा सॉलिड फंडा! मार्चअखेर विदर्भात सायकल चालवायची आयडिया कुणाची, ते विचारू नका. (माझीच.)

पहाटे छान गारवा होता. लिटरची अॅल्युमिनियमची बाटली गळ्यापर्यंत भरली, बूच आवळलं आणि मागच्या पॅनियरमध्ये पोह्यांच्या पाकिटाशेजारी आडवी टाकली. अकरापर्यंत ऊन असं चढलं की विचारता सोय नाही. मंगरूळपीरच्या अलीकडे एक टपरी दिसली आणि दोघींनी ब्रेक मारले. सायकली लावल्या त्या थेट शेगडीला लागून, कारण सावली तेवढीच होती. बाजूला टपरीवाल्या काकांची छोटी मुलगी पाढे लिहीत बसलेली.

चहा गाळता गाळता काका थांबले. "ताई, तुमच्या थैलीतून पेट्रोलचा वास येऊन राह्यला ना!"

पुढच्या दहा सेकंदांत त्यांनी जे केलं, ते आमच्या ऑफिसच्या फायर ड्रिलपेक्षा भारी होतं. गॅस बंद केला, मुलीला मागच्या शेतात पिटाळलं आणि माझी सायकल स्वतः ढकलत लांब मोकळ्यावर नेली. मग म्हणाले, "चाय काही पळून नाही जात."

आमचे पोहे गेले, एक टी-शर्ट गेला. टपरी वाचली, पण त्यात आमची हुशारी शून्य.

नक्की चुकलं काय? पेट्रोल तापलं की फुगतं. एक लिटर पेट्रोल २० अंशांनी तापलं तर साधारण २० मिलिलिटरने वाढतं. बाटलीत वर जागाच ठेवली नाही, तर ते जुन्या वॉशरमधून वाट काढणारच. त्यात पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती वर उडून न जाता जमिनीलगत पसरते, म्हणजे नेमकी शेगडीच्या दिशेनेही. रॉकेल थोडं समजूतदार. ते पेटण्याइतकी वाफ सोडायला साधारण चाळीस अंश लागतात. पण विदर्भात उन्हाळ्याच्या दुपारी तेवढं तर सावलीतच असतं! शिवाय रॉकेल आता सहज मिळतही नाही. आणि स्पिरिटचा स्टो? त्याची ज्योत भर उन्हात दिसतच नाही. स्टो विझलाय समजून वरून स्पिरिट ओतणं हा त्यातला सगळ्यात वाईट अपघात.

बाटली कुठली घ्यावी, हे आपल्या कायद्यानेच सांगून ठेवलंय. पेट्रोलियम कायदा, १९३४ नुसार विकायचं नसेल तर ३० लिटरपर्यंत पेट्रोल बाळगायला परवाना लागत नाही. पण ते घट्ट बुचाच्या काचेच्या, चिनी मातीच्या किंवा धातूच्या भांड्यात हवं. प्लॅस्टिकचं नावही नाही. त्यामुळे पंपावरच्या माणसाने कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत पेट्रोल द्यायला नकार दिला, तर त्याच्याशी वाद घालू नका. तो बरोबर आहे.

आता माझी बाटली कुठे असते? सायकलच्या फ्रेमखाली, पुढच्या चाकामागे, तिसऱ्या बॉटल केजमध्ये. उभी, खाण्यापासून लांब, चिखल उडू नये म्हणून जुन्या सॉक्समध्ये. वर लाल टेप, कारण तहानेने जीव चाललेला असताना पाण्याची बाटली आणि ही बाटली सारखीच दिसते. भरताना ती जमिनीवर ठेवते आणि वर दोन-तीन बोटं जागा सोडते. स्टो गरम असताना पेट्रोल कधीच भरत नाही. तंबूच्या आत स्टो पेटवत नाही, मग पाऊस पडो की गारा. आगीइतकीच तिथे कोंडणाऱ्या विषारी वायूचीही भीती असते.

आणि परतीला ट्रेन असेल तर बाटली पूर्ण रिकामी. गटारात किंवा शेतात ओतून नाही हं! वाटेत भेटलेल्या बाइकवाल्याला द्या, तो खूश होईल. रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १६४ खाली असा माल डब्यात नेला तर तीन वर्षांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. 'एवढ्याशाने काय होतंय?' असं वाटत असेल, तर २६ ऑगस्ट २०२३ ची मदुराईची आग आठवा. पर्यटकांच्या डब्यात चोरून आणलेला गॅस सिलिंडर होता आणि चहा करायच्या नादात नऊ माणसं गेली.

मी घरी येऊन हिशेबही मांडला. दोघींचा दोन वेळचा चहा आणि एक वेळची खिचडी, दिवसाला दीडशे मिलिलिटर पेट्रोल पुरतं. दोन दिवसांसाठी आम्ही लिटरभर घेऊन फिरत होतो! 'कमी पडलं तर?' या भीतीपोटी. ज्या रस्त्यावर दर थोड्या अंतरावर कुणीतरी आधण ठेवून बसलेलं असतं, त्या रस्त्यावर.

तेव्हा स्टो जरूर न्या. चांदण्यात स्वतः केलेल्या चहाची मजा औरच. फक्त सायकलवर निघालो म्हणजे रिस्क आपली एकट्याची, हा गैरसमज घरी ठेवून या. आपण जिथे टेकतो, तिथे कुणाचं तरी दुकान असतं आणि कुणीतरी पाढे लिहीत बसलेलं असतं.

काकांनी त्या दिवशी चहाचे पैसे घेतले. पोह्यांचे मात्र घेतले नाहीत. आमचे पोहे गेलेत, हे त्यांनी पाहिलं होतं ना!