दारांचं वय

जुनी गाडी विकायला काढलेल्या माणसाला कारण विचारून पाहा. इंजिनाबद्दल तो एक वाकडा शब्द बोलणार नाही. उलट ‘इंजिनाला अजून पाना लागलेला नाही’ हे अभिमानाने सांगेल. मग विकताय कशाला? तर मागचं दार आतून उघडत नाही, एक काच हाताने वर ओढावी लागते आणि रिमोट दाबला की तीन दारं लॉक होतात, चौथं होत नाही. बॉनेट आपण महिन्या-दोन महिन्यांनी उघडतो. दाराला रोज पाच-सहा वेळा हात लागतो. गाडी म्हातारी झाली हे घरातल्यांना दारं सांगतात. नव्या गाडीच्या हप्त्यांचा विषय जेवताना निघतो, तोही नेमका पार्किंगमध्ये पावसात चौथ्या दाराला वळसा घालून यावं लागलं त्याच रात्री.

आमच्याकडे हे गेल्या हिवाळ्यात सुरू झालं. गाडी २००८च्या पासिंगची, छोटी हॅचबॅक. पंधरा वर्षं झाल्यावर रिपासिंग करून घेतलेली, म्हणजे सरकारदरबारी आणखी पाच वर्षांची परवानगी मिळालेली. डावीकडचं मागचं दार हे सासूबाईंचं. सकाळी रिमोट दाबला की त्या दारातून घर्रर्र असा दबका आवाज यायचा आणि खटका जागचा हलायचा नाही. दुपारी ऊन तापलं की तेच दार मुकाट्याने लॉक व्हायचं. नवऱ्याचं म्हणणं, विकून टाकू. सासूबाईंचं म्हणणं, लॉक कशाला हवंय, मी बसलेली असतेच की आत.

दाराच्या आत हे काम करणाऱ्या वस्तूला कंपनीच्या पुस्तकात ॲक्च्युएटर म्हणतात. दुकानात आणि गॅरेजात तिला ‘गन’ म्हटलं की पुरतं. आत बारा व्होल्टवर चालणारी छोटी मोटर, दोन-तीन प्लास्टिकचे गिअर आणि लॉकची सळी ओढणारा-ढकलणारा दांडा. मोटरीला वीज एका दिशेने दिली की दांडा बाहेर, उलटी दिली की आत. वीज मिळते ती फार तर सेकंदभर. तेवढ्यात पाऊण इंचाची चाल पुरी झाली पाहिजे, नाहीतर ते दार राहिलं. मोटर अगदी खेळण्यातल्या मोटरींच्या जातीची. गाड्यांच्या लॉकसाठी अशा मोटरी बनवणाऱ्यांत जपानच्या माबुची कंपनीचं नाव मोठं आहे, आणि त्या कंपनीची सुरुवात खरोखरच मुलांच्या खेळण्यांच्या मोटरींपासून झाली.

एवढीशी मोटर पंधरा वर्षं टिकते हेच मला नवल वाटतं. हळूहळू तिचे ब्रश झिजतात, आत काजळी साठते, गिअरचा एखादा दात उडतो. पण आमच्या इलेक्ट्रिशियनचा सिद्धांत वेगळा आहे आणि मला तो पटला. त्याच्या मते निम्म्या गन स्वतः मरत नाहीत, त्यांना लॉक मारतं. दाराच्या कडेला जो कॅच असतो त्यातलं कंपनीचं ग्रीस दहा वर्षांत वाळून, धूळ खाऊन मेणासारखं घट्ट होतं. थंडीत आणखी घट्ट. रोज सेकंदभर त्या चिकट्यात जोर लावून मोटर दमते, आणि एक दिवस आपण म्हणतो, गन गेली. नवीन गन बसवली की तिच्या अंगात जोर असतो, म्हणून ती वर्षभर चालते आणि मग तीही जाते. ‘काकू, आधी लॉक धुवायचं, मग गनचं बघायचं,’ असं तो म्हणाला. माझ्या मते जुन्या गाडीच्या कामात यापेक्षा शहाणं वाक्य मी ऐकलेलं नाही. लोक मात्र थेट नवी गन मागतात, आणि दुकानदारही देतो.

कुठलं दार रुसलंय यावरूनही बरंच कळतं. चारही दारं एकदम गप्प झाली तर दारं उघडायची गरज नाही. फ्यूज बघा, कंट्रोल युनिटमधला रिले टक करतो का ते ऐका. एकच दार गप्प असेल तर तिथली गन, तिथलं लॉक किंवा तिथली वायर. ही वायर दार आणि खांब यांच्यामधल्या रबरी नळीतून जाते. दार जितक्या वेळा उघडतं तितक्या वेळा ती वाकते, आणि आतलं तांबं तुटलं तरी वरचं आवरण शाबूत दिसतं. ड्रायव्हरचं दार सगळ्यात जास्त उघडतं, म्हणून हा आजार बहुधा तिथे.

ड्रायव्हरच्या दाराचं आणखी एक नाटक असतं. बाहेरून बसवलेल्या सेटमध्ये तिथली गन पाच वायरींची असते आणि बाकी तीन दारांच्या दोन-दोन वायरींच्या. जास्तीच्या तीन वायरी कशाला, तर ड्रायव्हरने खटका दाबला की ओढला हे कंट्रोल युनिटला कळवायला. आता समजा ड्रायव्हरचंच लॉक वाळलंय. रिमोट दाबला, तीन दारं लॉक झाली, ड्रायव्हरचा खटका अर्धा गेला आणि परत वर आला. युनिटला वाटतं, मालकाने उघडायला सांगितलं. लगेच चारही दारं टकाटक उघडतात. आमच्या सोसायटीत एका गाडीचं हे महिनाभर चाललं होतं. खाली गाडी लावून मालक वर जायचा, आणि वॉचमन इंटरकॉमवर सांगायचा, ‘साहेब, गाडी परत उघडली.’ त्या गृहस्थांनी रिमोट बदलला, युनिट बदललं. लॉकमध्ये ग्रीस शेवटपर्यंत घातलं नाही.

सेंट्रल लॉकिंग आपल्याकडे घरोघरी पोचलं ते नव्वदीच्या शेवटाला आणि त्यानंतर. त्याआधी पद्मिनी किंवा मारुती ८००मध्ये ड्रायव्हर आत बसायचा, हात लांबवून बाकी दारं उघडायचा, आणि मागची मंडळी उभी राहायची. मग ॲक्सेसरीच्या दुकानांत चार गनचे सेट आले आणि साध्या मॉडेललाही लोकांनी ते बसवून घेतले. याच काळातली एक वेगळी गंमत पुण्याची आहे. १९९५च्या सुमाराला मर्सिडीजने इथे ज्या पहिल्या ई-क्लास जोडायला घेतल्या, त्या डब्ल्यू १२४ मॉडेलच्या दारांत मोटर नव्हतीच. मागे एक पंप असायचा आणि बारीक नळ्यांतून हवा खेचून-सोडून तो लॉक चालवायचा. त्या दारांचा टक आवाज येत नसे, मऊ फुस्स असा यायचा. दुरुस्तीच्या दृष्टीने मात्र नळीला कुठे चीर गेलीय हे शोधण्यापेक्षा जळालेली मोटर परवडली.

आमचं काम पुण्यातच, नाना पेठेतून गन आणून झालं. नाना पेठेत दोन पर्याय पुढे येतात. कंपनीचा पार्ट म्हणजे बहुतेक गाड्यांत लॉक आणि मोटर मिळून एकच डबा. बसतो बिनचूक, पण किंमत ऐकून माणूस जुन्या गाडीकडे नव्याने बघतो, आणि पंधरा वर्षांपूर्वीच्या मॉडेलचा तो मिळेलच असं नाही. दुसरा पर्याय सुटी गन, साधारण दोनशे रुपयांच्या घरातली, कुठल्याही गाडीला चालणारी. ती भोकं पाडलेल्या पट्टीवर स्क्रूने बसवायची आणि दांडा लॉकच्या सळीला आवळायचा. तिसरा पर्याय दुकानदार सांगत नाही: जुना डबा उघडून आतली मोटर तेवढी बदलायची. हे काम निगुतीचं आहे, पण कंपनीचा पार्ट बंद झाला असेल तर तेच उत्तम.

दाराचं पॅड काढणं हा या कामातला खरा कस. आधी काच पूर्ण वर. मग हँडलमागचे, खिशातले, प्लास्टिकच्या टोपणाखाली लपवलेले सगळे स्क्रू काढायचे. एक राहिला तरी पॅड येत नाही, आणि ते न ओळखता जोर लावला की पॅड तडकतं. आमच्या मागच्या दारांना काच फिरवायची हँडलं आहेत. ती एका बारीक क्लिपवर बसलेली असतात. इलेक्ट्रिशियनने जुन्या बनियनची पट्टी हँडलमागे घातली आणि बूट पुसावा तशी मागे-पुढे ओढली. क्लिप टुणकन उडाली आणि त्याने ती हवेतच धरली. इतक्या वर्षांत इतका पैसे वसूल प्रयोग मी नाट्यगृहातही पाहिलेला नाही. मग कडेच्या प्लास्टिक क्लिपा एकेक करून सोडवायच्या. जुनं प्लास्टिक कडक झालेलं असतं, त्यातल्या काही तुटणारच, म्हणून नव्या क्लिपा आधीच आणाव्यात.

पॅडमागे काळ्या चिकट गोंदाने लावलेला प्लास्टिकचा कागद असतो. घाईत कामं करणारे तो फाडून फेकतात. कृपा करून फेकू देऊ नका. पावसात काचेच्या रबरातून पाणी दाराच्या आत उतरतच असतं, ते उतरावं म्हणून दाराच्या तळाला भोकं ठेवलेली असतात. हा कागद ते पाणी पॅडकडे येऊ देत नाही. कागद गेला की पहिल्याच जूनमध्ये पॅड फुगतं, कार्पेट भिजतं, आणि गाडीला वास येतो तो कुठून येतो हे दिवाळीपर्यंत कळत नाही. हात घातलेलाच आहे तर तळाची भोकंही तारेने मोकळी करून घ्यावीत. आमच्या दारातून गुलमोहराच्या वाळक्या पाकळ्या निघाल्या.

कागद अर्धा सोडवून इलेक्ट्रिशियनने गनची सळी सुटी केली आणि खटका हाताने हलवून पाहिला. जड होता. डब्ल्यूडी ४० मारून, ब्रशने घासून, पुन्हा मारून त्यातून काळं पाणी निघेपर्यंत तो बसला. डब्ल्यूडी ४० उडून जातं, त्याच्या भरवशावर राहायचं नसतं. म्हणून पुसून घेतल्यावर पांढरं ग्रीस. मग खटका एका बोटाने हलू लागला. त्यानंतरच त्याने गनला बॅटरीच्या दोन वायरी लावून पाहिल्या, एकदा सुलट, एकदा उलट. गन हलली, पण अर्ध्यावर अडखळली. म्हणजे लॉकने तिला मारलं होतंच. नवीन बसवली.

इथे एक गोष्ट त्याने न चुकता केली आणि ती प्रत्येकाने पाहून घ्यावी. पॅड लावण्याआधी, दार उघडंच ठेवून, स्क्रू ड्रायव्हरने कॅच बंद केला आणि लॉक, अनलॉक, आतलं हँडल, बाहेरचं हँडल सगळं तपासलं. सळी चुकीची बसली असेल आणि आपण उत्साहाने दार लावलं, तर ते दार नंतर कुठूनच उघडत नाही.

माझी स्वतःची एक अट होती: बॅटरीची वायर काढूनही चारही खटके आतून हाताने हलले पाहिजेत. तिरकी बसवलेली गन सळीला अडवून ठेवते आणि हाताने खटका ओढताना जीव जातो. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि मुंबईत काही माणसं बंद गाड्यांतच अडकून गेली. त्यानंतर कित्येकांनी गाडीत हातोडी ठेवायला सुरुवात केली. बाहेर पाणी चढलं की त्याच्या दाबाने दार उघडणं तसंही अवघड, लॉक कसलंही असो. पण निदान खटका तरी वीज नसताना चालायला हवा. मागच्या दारांचं चाइल्ड लॉकही तेव्हाच बघून घेतलं. मुलगा लहान असताना लावलेलं, तो नोकरीला लागला तरी तसंच होतं. सासूबाईंना आपलं दार आतून का उघडता येत नाही याचा उलगडा एका छोट्या खटक्यात झाला, आणि त्याचा गनशी काही संबंध नव्हता.

शेवटी वाद राहिला तो एक गन की चार. इलेक्ट्रिशियन म्हणाला, ‘काकू, चारही टाका. रिमोट दाबला की सगळ्या एकदम चालतात, सगळ्यांचं वय तेवढंच.’ हिशेब बिनतोड होता. त्या दारात कोणी बसो न बसो, गनची झीज सारखीच. पण बाकीच्या दोन दारांच्या लॉकमध्ये ग्रीस घालून झाल्यावर त्यांच्या गन दणक्यात चालू लागल्या, आणि चालणारी वस्तू वयावरून काढून टाकायला माझं मन होईना. ड्रायव्हरची आणि सासूबाईंची, अशा दोनच बदलल्या. काढलेल्यांपैकी बरी गन तो स्वतःच्या डब्यात टाकणार होता, ती मी मागून घेतली. नव्या मोटरीवर ती पुन्हा चालेल. पॅडच्या क्लिपा मात्र दोन दारांच्या जास्तीच्या आणून ठेवल्यात, कारण दुकानदार म्हणाला की या मॉडेलच्या पुढच्या वर्षी येतील याची तो खात्री देत नाही.