कायदा घरात कुठवर यावा?

चोर्ला घाट उतरून साखळीमार्गे डिचोलीत गेले की नमाजगाह पाहायला मिळते. औरंगजेबाविरुद्ध बंड करून १६८१ मध्ये संभाजीराजांच्या आश्रयाला आलेल्या त्याच्याच मुलाशी, शहजादा अकबराशी, या वास्तूचे नाव जोडले जाते. धर्म एक असून बाप-लेक वैरी झाले, धर्म वेगळा असून आसरा मिळाला!

पुढे डिचोली १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगिजांकडे गेले. १९१० मध्ये पोर्तुगालात राजेशाही संपली, १९११ मध्ये चर्च आणि राज्य वेगळे झाले. त्या परंपरेतला कौटुंबिक कायदा गोव्यात १९६१ नंतरही टिकला. लग्नाची सरकारी नोंद हवी, मालमत्तेत पत्नीचा निम्मा वाटा, लेकीलाही हिस्सा. हा कायदा मुसलमान कुटुंबांनाही लागू आहे. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचे कौतुक केले. मात्र मूल न झाल्यास हिंदू पुरुषाला काही अटींवर दुसऱ्या लग्नाची मुभा देणारे १८८० चे कलम या 'समान' कायद्याशेजारी राहिलेच, हेही विसरू नये.

असाच प्रयोग तुर्कस्तानात झाला. बहुसंख्य प्रजा मुसलमान, पण अतातुर्क यांनी १९२४ मध्ये खिलाफत संपवली आणि १९२६ मध्ये स्विस धर्तीचा नागरी कायदा आणून बहुपत्नीत्व बंद केले. ते टिकले. पण १९३२ पासून अजानही तुर्की भाषेत देण्याची सक्ती झाली. ती १९५० मध्ये निवडून आलेल्या सरकारने उठवली. पुढे विद्यापीठांत डोक्यावरच्या रुमालाला बंदी आली. मुलींना शिक्षण आणि श्रद्धा यांतून एक निवडावे लागले. ही नाराजीही २००२ मध्ये एर्दोगान यांच्या पक्षाला सत्तेवर आणण्यास उपयोगी पडली. २०२० मध्ये हागिया सोफिया संग्रहालयाची पुन्हा मशीद झाली. म्हणजे एका सक्तीच्या जागी दुसरी आग्रही श्रद्धा आली.

आपल्याकडेही २०२२ मध्ये उडुपीत हिजाबचा वाद पेटला आणि वर्गाबाहेर राहिल्या त्या मुलीच.

वाचकहो, गोवा आणि तुर्कस्तान एकच गोष्ट सांगतात. बाईला हक्क देणारा कायदा घरात मुरतो; तिने काय नेसावे, देवाला कोणत्या भाषेत हाक मारावी हे सांगणारा कायदा उलटतो. आज समान नागरी कायद्याची चर्चा घरोघरी आहे. मराठीत बोला की कन्नडमध्ये, पहिला प्रश्न एकच विचारा : यातून आमच्या लेकीच्या पदरात काय पडणार?