विकणाऱ्याचा पत्ता

चामोर्शी तालुक्यात मार्कंड्याला महाशिवरात्रीची मोठी जत्रा भरते. तिथल्या देवळाशी आणि नवसांशी आम्हा बौद्धांना कर्तव्य नाही. पण वैनगंगेच्या काठच्या त्या बाजाराशी आपल्या माणसांचाही संबंध येतोच. कोणी दुकान लावतो, कोणी संसाराला चार भांडी घेतो. जत्रेतला दुकानदार परगावचा, जत्रा उठली की तोही उठला. म्हणून आपल्या आया-बाया भांडे वाजवून, पातळ उलगडून पाहिल्याशिवाय पैसे देत नसत. आठवडी बाजारातल्या भाजीवालीशी मात्र उधारीही चालते, कारण पुढच्या आठवड्यात ती त्याच जागी सापडते.

मग फोनवरचे दुकान यांतले कोणते? पुष्कळदा ते जत्रेतले दुकान असते, आणि इथे भांडे वाजवूनही पाहता येत नाही. साडीचा फोटो सुंदर, खाली शंभर जणांची वाहवा, आणि पैसे आधी पाठवा. साडी येते ती भलतीच, नाहीतर येतच नाही. फोन लावावा तर बंद. ती वाहवा करणारे कोण होते तेही कळत नाही. कधी कधी विकणाराच दहा नावांनी आपली पाठ थोपटत असतो. भगवान बुद्धांच्या ब्रह्मजाल सुत्तात खोटा तराजू आणि खोटे माप यांपासून दूर राहण्याचे शील सांगितले आहे. खोट्या नावाची वाहवा हे आमच्या मते खोटे मापच होय.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांनीही विक्रेत्याला ग्राहकाचे सोंग घेऊन आपल्या मालाची स्तुती लिहायला मनाई केली आहे. ऑनलाइन बाजार चालवणाऱ्या कंपनीने विक्रेत्याच्या धंद्याचे नाव, पत्ता आणि ग्राहकांसाठीचा नंबर दाखवलाच पाहिजे. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याच्या आत झाले पाहिजे. ते झाले नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर सांगता येते, आणि कोणी पैसेच लुबाडले असतील तर वेळ न घालवता १९३० वर. २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे फिर्याद करता येते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकीलही लागत नाही. पण आयोगाने नोटीस पाठवायची कोणाला? विकणाऱ्याचे नाव नाही, पत्ता नाही, तर मजुरीचे पैसे घालवून बसलेल्या बाईला हा कायदा काय देणार? म्हणून पैसे पाठवण्याआधी पत्ता शोधावा आणि खातेदाराचे जे नाव दिसते ते वाचावे. दुकानाचे नाव एक आणि खातेदार भलताच असेल तर तिथेच थांबावे.

तरीही नाव लपवणारा प्रत्येक जण लबाड, असे आपल्या समाजाला म्हणता येणार नाही. १९१७ साली बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर गेले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत त्यांना पारशी नावाने राहावे लागले. राहण्या-जेवणाचा दर दिवसाला दीड रुपया ठरला होता. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी दारात उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगून गेले. हे त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'त स्वतः लिहून ठेवले आहे. त्या नावाने त्यांनी कोणाचे पैसे बुडवले नाहीत. डोक्यावर छप्पर हवे होते, इतकेच.

हा प्रश्न आपल्या घरांत आजही आहे. बचत गटातली भगिनी पापड-लोणचे फोनवरून विकायला निघाली की विचारते, आडनाव टाकू का? आडनाव वाचून कोणी घेतले नाही तर? तिची भीती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण गिऱ्हाइकाला तिची जात कळण्याचा हक्क नाही, माल कोणाकडे परत न्यायचा हे कळण्याचा आहे. गटाचे नाव, गाव, चालू फोन नंबर आणि भाव पाकिटावर असावा. खाण्याच्या पदार्थावर अन्न सुरक्षा नोंदणीचा १४ आकडी क्रमांकही छापावाच लागतो. गटाला रमाईचे नाव असेल तर ते ठळक छापावे. ते वाचून एखाद्याने पाकीट खाली ठेवले तर ठेवू द्या. ज्याने घेतले त्याचा पापड खवट निघाला, तर त्याचा फोन मात्र उचला.