शेपटी कापू नका!

होमरची ‘ईलियड’ संक्षिप्त करून मुलांच्या हाती देण्याचा उद्योग पुष्कळांनी केला. कात्री हाती आली की पहिली गदा येते ती उपमांवर. कारण काय, तर म्हणे कथा रेंगाळते! ही तक्रार आजची नव्हे. सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सात शार्ल पेरोने या उपमांना लांब शेपटीच्या म्हणून हिणवले. पुढे १७१४ साली ला मोतने चोवीस सर्गांची ‘ईलियड’ बारा सर्गांत कोंबली. शेपटी कापली की प्राणी चपळ होतो, अशी या मंडळींची समजूत दिसते!

या शेपट्यांत असते तरी काय? बाराव्या सर्गात तटाशी घनघोर लढाई चालली आहे. कोणतीच बाजू हटत नाही. हा तोल कसा? तर एखादी प्रामाणिक, कष्टकरी बाई तराजूत लोकर तोलताना दोन्ही पारडी समान धरते, तसा. व्याकरणाच्या दृष्टीने उपमा इथेच पुरी झाली. पण होमर आणखी सांगतो, की ही बाई आपल्या मुलांसाठी तुटपुंजी मजुरी मिळवते आहे. राजे कीर्तीसाठी मरत असताना कवीला त्या पोरांच्या पोटाची आठवण होते!

सोळाव्या सर्गात पॅट्रोक्लस रडतो. अकिलीझ म्हणतो, आईचे वस्त्र ओढीत ‘मला उचलून घे’ म्हणणाऱ्या चिमुरडीसारखा काय रडतोस! त्याच सर्गात पॅट्रोक्लस मारला जातो. ती चिमुरडी गाळलीत, तर मरतो तो केवळ एक योद्धा.

‘ओडिसी’त तर कमाल आहे. ट्रॉयच्या विनाशाचे गीत ऐकून ओडिसियस रडतो. कसा? तर नगरासाठी लढता लढता पडलेल्या नवऱ्याला मिठी मारून आक्रोश करणाऱ्या आणि शत्रू भाल्यांनी ढोसून गुलामगिरीत नेत असलेल्या स्त्रीसारखा. अशाच स्त्रिया त्याने ट्रॉयमध्ये केल्या होत्या! कवी त्याला दोषाचा एक शब्दही लावीत नाही. सारा न्याय त्या उपमेत आहे.

सिंहांच्या उपमा फार झाल्या, हे मला मान्य आहे. दोनचार सिंह कमी असते तर मी तक्रार केली नसती. परंतु उपमा म्हणजे अलंकार, अलंकार म्हणजे दागिना, आणि दागिना काढून ठेवता येतो, हे तर्कट घातक आहे. उपमेय, उपमान, साधारण धर्म असे वर्षानुवर्षे घोकून घेऊन मी मास्तरानेही तेच पाप केले आहे. त्याचे हे प्रायश्चित्त.

वाचकहो, यंदा फराळानंतर मुलांना ट्रॉयची गोष्ट सांगाल, तेव्हा लाकडी घोडा खुशाल सांगा. पण लोकर तोलणारी बाई गाळू नका. युद्धाच्या गोष्टी ऐकून मुले तलवार मागतात. ती कोणाच्या घरावर पडते, हेही त्यांना कळू द्या.